तोळ्याचा ग्रॅम होताना : औषधिभांडाराच्या संगणकीय नोंदींतील मानपरिवर्तन

शार्ङ्गधराचार्यांनी आपल्या संहितेच्या पूर्वखंडात प्रथमाध्यायातच मानपरिभाषा सांगितली आहे. रोग, निदान, कल्पना हे सर्व नंतर. आधी गुंजा, माष, कर्ष, पल. हा क्रम विद्यार्थिदशेत पाठ करताना कंटाळवाणा वाटतो. पुढे स्वतःच्या हाताने औषधे करू लागल्यावर त्याचे मर्म कळते, आणि औषधिभांडाराचा हिशेब संगणकावर गेल्यावर ते नव्याने कळते, असा माझा अनुभव आहे. प्रस्तुत लेख त्या अनुभवावर आधारलेला आहे. आपल्यापैकी अनेक वैद्यबंधुभगिनी जुन्या वह्या संगणकात उतरवीत आहेत किंवा उतरवू पाहत आहेत. त्यांस त्याचा उपयोग व्हावा.

आमचे घुग्घुस हे टनांचे गाव आहे. वर्धा नदीच्या काठी कोळसा खाणी, सिमेंटचा कारखाना आणि लोहप्रकल्प. रस्त्यावरून जाणारा ट्रक वजनकाट्यावर टनांत मोजला जातो आणि सिमेंटची गोणी पन्नास किलोंची हे लहान मुलासही ठाऊक असते. अशा गावी गुंजेच्या भाषेत बोलणारा वैद्य थोडा विजोडच दिसतो. माझे वडीलही येथेच वैद्यकी करीत. त्यांच्या साठ्याच्या वह्या अखेरपर्यंत तोळे, मासे आणि शेर यांत होत्या. मी त्या तशाच पुढे चालविल्या. रुग्णांसाठी लागणारी चूर्णे व गुटिका आम्ही येथेच सिद्ध करतो, त्यामुळे योगांचे पाठही त्याच वहीत, त्याच मानात.

गेल्या वर्षी हे सर्व एका ईआरपी प्रणालीत भरले. खरेदी, साठा, उत्पादन आणि विक्री यांचा हिशेब एकाच ठिकाणी ठेवणारी संगणकप्रणाली ती ईआरपी. प्रथम नोंदी वहीबरहुकूम तोळ्यांतच केल्या. कालांतराने वस्तू व सेवा कराच्या विवरणपत्रासाठी मान्य एककांची यादी पाहिली, तेव्हा तीत तोळा नाही असे आढळले. (अमेरिकन गॅलनास मात्र त्या यादीत स्थान आहे!) शिवाय दशमान मापांचा कायदा १९५६ चा, १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. आपण तोळ्यात राहिलो ही आपलीच ढिलाई. म्हणून सर्व द्रव्ये व सर्व पाठ एकदमच ग्रॅममध्ये आणावेत असे ठरले.

काम साधे भासले. प्रणालीतून सर्व ओळी तक्त्याच्या स्वरूपात काढावयाच्या, जेथे एकक ‘तोळा’ आहे तेथील आकडा बारांनी गुणावयाचा, नंतर एककाच्या रकान्यात सर्वत्र ‘ग्रॅम’ लिहावयाचे आणि तक्ता परत आत घ्यावयाचा. संगणकाचे काम पाहणाऱ्या तरुणाने ते एका दुपारी केले. मध्ये एकदा काम अडले होते, ते त्याने दुरुस्त करून पुन्हा चालविले. संध्याकाळी पडद्यावर सर्वत्र ‘ग्रॅम’ दिसू लागले आणि मी समाधानाने दवाखाना बंद केला.

दुसऱ्या दिवशी सितोपलादि चूर्णाचा घाणा घ्यावयाचा होता. संगणकाने पाठ छापून दिला. खडीसाखर १९२ ग्रॅम, वंशलोचन ९६, पिंपळी ४८, वेलदोडा २४, दालचिनी १. आमच्याकडे कुटण्या-चाळण्याचे काम अनेक वर्षे करणाऱ्या मावशी तराजूपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “डाक्टरसाहेब, दालचिनी एवढुशीच कावून?”

सितोपलादीचे प्रमाण आपणा सर्वांस मुखोद्गत आहे : सोळा, आठ, चार, दोन, एक. प्रत्येक द्रव्य आधीच्या निम्मे. त्या हिशेबाने वेलदोडा २४ ग्रॅम असता दालचिनी १२ ग्रॅम हवी होती. मूळ नोंद ‘१ तो.’ अशी होती. ‘तोळा’ हा पूर्ण शब्द नसल्याने गुणाकाराने तिला वगळले. एककाचा रकाना मात्र सरसकट बदलला गेला. एक तोळा दालचिनीची एक ग्रॅम झाली आणि आकडा जसाच्या तसा राहिल्याने कोठेही काही बिघडल्याचे दिसले नाही.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली, ती मुद्दाम नमूद करतो. मावशींची शंका ऐकून मी घाईने एकूण बेरीज ताडून पाहिली. पाठ एकूण एकतीस तोळ्यांचा. संगणकाची बेरीज ३६१ ग्रॅम. माझ्या खिशातील गणकयंत्रावर मी एकतीस गुणिले ११.६६ केले, सोनारकट्ट्यावरचा जुना तोळा तेवढ्याच ग्रॅमचा असल्याने तो आकडा सवयीने आला. उत्तर ३६१.४६. बेरीज जुळली! मी मावशींना “बरोबर आहे” असे म्हणणार होतो. परंतु आपला गुणक तर बाराचा होता, त्याने बेरीज ३७२ यावयास हवी होती. दोन चुका एकमेकींना झाकून बसल्या होत्या. एकूण वजनात फरक अवघा तीन टक्क्यांचा, आणि एका घटकाचा बारावा हिस्सा मात्र शिल्लक. बेरजेवर विसंबून पाठ तपासू नये, हे मी त्या दिवशी शिकलो. तपासावयाचे ते द्रव्यांचे परस्पर प्रमाण.

दालचिनी कमी पडली तर चूर्ण हीनवीर्य होईल, अपाय होणार नाही. म्हणून तेथेच थांबलो असतो तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. त्या दिवशी सर्व निर्मिती थांबवून प्रत्येक पाठ कागदावर काढला आणि त्रिभुवनकीर्ती रसाचा पाठ समोर आला, तेव्हा हात थरथरले. हिंगूळ, वत्सनाभ, सुंठ, मिरे, पिंपळी, टंकण, पिंपळमूळ ही सात द्रव्ये समभाग. पाठात पाच द्रव्ये १२ ग्रॅम होती. शुद्ध हिंगूळ व शुद्ध वत्सनाभ प्रत्येकी १४४ ग्रॅम.

त्याचे कारण शोधण्यास दोन दिवस लागले. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ई-१ परिशिष्टातील विषद्रव्ये आम्ही तक्त्यात सर्वप्रथम ठेवतो, नंतर इतर द्रव्ये वर्णानुक्रमे. विषद्रव्यांनंतर लगेच अतिविष. (नावात विष असूनही हे द्रव्य विषवर्गातील नाही, हे वैद्यांस सांगावयास नको, संगणकाचे काम करणाऱ्यास सांगावे लागले.) अतिविषाच्या एका ओळीत वहीप्रमाणे ‘दीड’ असा शब्द होता. शब्दास बारांनी गुणता येत नाही, म्हणून काम तेथे अडले. त्या तरुणाने ‘दीड’च्या जागी १.५ लिहिले आणि तक्ता आरंभापासून पुन्हा चालविला. अडण्यापूर्वीच्या सर्व ओळी, म्हणजे नेमकी विषद्रव्ये, दोनदा गुणल्या गेल्या. बाराचे एकशे चव्वेचाळीस झाले.

आता याचा अर्थ पाहू. यथोक्त पाठात एकूण ८४ ग्रॅमपैकी वत्सनाभ १२, म्हणजे सातवा हिस्सा. १२५ मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे १८ मिलिग्रॅम. बिघडलेल्या पाठात एकूण ३४८ ग्रॅमपैकी १४४, म्हणजे त्याच गोळीत सुमारे ५२ मिलिग्रॅम. जवळजवळ तिप्पट. वत्सनाभाचा हृदयाच्या गतीवर होणारा परिणाम आपण जाणतो. ज्वराच्या साथीत हे औषध किती जणांच्या हाती जाते, हेही जाणतो. तो घाणा घेतला गेला नव्हता. दालचिनी आधी तराजूवर आली म्हणून.

या प्रकारात दोष कोणाचा, असे मला अनेकांनी विचारले. तो तरुण प्रामाणिक होता आणि प्रणालीतही काही बिघाड नव्हता. ‘एकक’ हे आकड्याशेजारी लावलेले नाव आहे, ते बदलले की काम झाले, ही आम्हा सर्वांची समजूत होती. वास्तविक एकक हा राशीचाच भाग आहे. ‘१२’ ही राशी नव्हे. ‘१२ ग्रॅम’ ही राशी होय. आकडा व एकक हे दोन रकाने वेगवेगळ्या वेळी बदलले तर मधल्या काळात प्रत्येक ओळ असत्य असते, आणि काम मध्येच अडले तर कोणती ओळ कोणत्या अवस्थेत आहे हे सांगण्यास कोणतीही खूण उरत नाही.

वैद्यकाबाहेरही असे घडले आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका प्रवासी विमानाचे इंधन आकाशातच संपले. लिटरचे वजनात रूपांतर करताना १.७७ हा गुणक वापरला गेला होता. तो पौंडांचा गुणक होता आणि विमानाचा हिशेब किलोग्रॅमचा. इंधन आवश्यकतेच्या निम्म्याहूनही कमी भरले गेले. विमान गिम्ली येथील जुन्या धावपट्टीवर इंजिनांविना उतरविण्यात आले आणि आतील ६९ जण वाचले. तेथेही आकडा हाती होता, परंतु तो कशाचा हे कोणी विचारले नाही.

अशा स्थितीत दुरुस्ती कशी करावी? आमचा पहिला विचार होता की १४४ दिसेल तेथे बारांनी भागावे. तो तत्काळ सोडून दिला. कारण १४४ हा बारा तोळ्यांचा खरा आकडाही असू शकतो. बिघडलेल्या नोंदींवरून मूळ नोंदी तर्काने उभ्या करणे म्हणजे मळातून आहार ओळखण्यासारखे आहे. सुदैवाने काम सुरू करण्यापूर्वीची प्रत ठेवली होती. ती परत आणली आणि मधल्या दोन दिवसांची विक्री हाताने पुन्हा भरली. ज्यांच्याकडे अशी प्रत नसेल त्यांनी कागदी वहीकडे वळावे आणि वहीही नसेल तर तराजूकडे. साठा प्रत्यक्ष मोजणे हे कष्टाचे असले तरी ते प्रत्यक्ष प्रमाण आहे. बाकी सर्व अनुमान.

दुसऱ्या वेळी मूळ आकडा व मूळ एकक यांस हात न लावता त्यांच्या शेजारी नवा आकडा व नवे एकक असे दोन स्वतंत्र रकाने काढले. मग तक्ता शंभर वेळा चालविला तरी उत्तर तेच येते, कारण गुणाकार नेहमी मूळ आकड्यावर होतो. एककांच्या नावांची वेगळी यादी काढली तेव्हा एका तोळ्याची सात रूपे आढळली : तोळा, तोळे, तो., तो, तोला, शेवटी एक रिकामी जागा असलेला तोळा, आणि जुन्या टंकातून नव्यात आणताना विद्रूप झालेला एक शब्द, जो तोळा असावा असे केवळ संदर्भावरून कळले. देवनागरी अंक हेही असेच फसवे. डोळ्यांस ‘१२’ दिसते, परंतु तक्ता त्यास पुष्कळदा अक्षरे समजतो आणि बेरजेत धरतच नाही. ‘मा.’ म्हणजे मासा की मात्रा, ‘ग्रे.’ म्हणजे ग्रेन की ग्रॅम, हे द्रव्य पाहूनच ठरवावे लागले. ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ग्रॅमशी गल्लत झाली तर पंधरा पटींचा फरक.

आता गुणकाचा प्रश्न. भारतीय आयुर्वेद योगसंग्रहाच्या १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात गुंजा १२५ मिलिग्रॅम, माषा १ ग्रॅम आणि तोळा अथवा कर्ष १२ ग्रॅम असे धरले आहे. पल ४८ ग्रॅम, कुडव १९२ ग्रॅम, प्रस्थ ७६८ ग्रॅम, आढक ३.०७२ किलो, द्रोण १२.२८८ किलो. पाठांसाठी हाच गुणक घ्यावा. बाजारातील जुना तोळा मात्र १८० ग्रेनांचा, ११.६६ ग्रॅमचा, वडिलांनी पूर्वी खरेदी केलेल्या सुवर्णभस्माची नोंद त्या तोळ्याची होती. म्हणजे एकाच वहीत ‘तोळा’ हा शब्द दोन अर्थांनी आला होता. शास्त्रातही हे नवे नाही. मागध मानाचा कर्ष ९६ गुंजांचा, तर दहा माषांचा कालिंग कर्ष, माष आठ गुंजांचा धरल्यास, ८० गुंजांचा. १२५ मिलिग्रॅमच्या गुंजेने हा फरक दोन ग्रॅमचा होतो.

याहून कठीण प्रकरण द्रवद्वैगुण्याचे. गुंजेपासून कुडवापर्यंत शुष्क, आर्द्र व द्रव यांचे मान समान. प्रस्थापासून पुढे आर्द्र व द्रव दुप्पट. तुलेला मात्र हा नियम नाही. म्हणजे ‘प्रस्थ’ या एककाला एकच गुणक देऊन चालत नाही. तो द्रव्याच्या स्वरूपावर आणि मानाच्या श्रेणीवर ठरतो. त्यातही गुळवेल, कुडा, अडुळसा, कोहळा, शतावरी, अश्वगंधा यांसारखी द्रव्ये सदैव आर्द्रच घ्यावयाची असून ती दुप्पट करावयाची नाहीत. कोणत्याही ईआरपी प्रणालीस हा अपवाद आपोआप कळणार नाही. आम्ही प्रत्येक द्रव्यापुढे ‘शुष्क’, ‘आर्द्र’, ‘द्रव’ आणि ‘सदा आर्द्र’ असा रकाना वाढविला व तो संगणकाच्या तरुणाकडून न भरविता स्वतः भरला. चार रात्री गेल्या. वैद्याने करावयाचे काम वैद्यानेच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकारमान व वजन यांची गल्लतही नेहमीची. एक लिटर मध सुमारे १.४ किलो भरतो, तर एक लिटर तीळतेल ९२० ग्रॅमच्या आसपास. मध किलोने येतो आणि अनुपानास मिलिलिटरने जातो; एका लिटरास एक किलो असा गुणक ठेवल्यास महिन्याकाठी साठ्यात मध ‘नाहीसा’ होतो व संशय नोकरावर जातो. आमच्या भागात आणखी एक अडचण आहे. गडचिरोलीकडून येणारा वनोपज कधी पायलीने मोजलेला असतो. पायली हे मापण्याचे भांडे. त्यात मोहफूल मावेल तेवढे वजन बेहड्याचे भरणार नाही. धान मोजण्याच्या ‘कुडो’ या मापाचे नाव ऐकून कुडवाची आठवण होते, परंतु ग्रंथोक्त कुडव १९२ ग्रॅमचा आणि गावचा कुडो कित्येक किलोंचा. वहीत दोहोंचा संक्षेप ‘कु.’!

प्रणालीच्या स्वभावाविषयी दोन शब्द. ज्या द्रव्याचे व्यवहार झाले आहेत त्याचे मूळ एकक बदलण्यास बहुतेक चांगल्या प्रणाली नकार देतात. मुंबईत विकसित झालेली ईआरपीनेक्स्ट असो वा परदेशी ओडू, दोन्ही असा बदल अडवितात आणि जुनी वस्तू बंद करून नवी उघडा असे सुचवितात. आरंभी हा हट्टीपणा वाटतो. पळवाट काढून थेट आतल्या तक्त्यात बदल करण्याचा मोह होतो. आम्ही तोच केला होता. आता ‘वत्सनाभ शुद्ध, जुनी नोंद’ शून्यावर आणून बंद केली आहे आणि प्रत्यक्ष वजन करून ‘वत्सनाभ शुद्ध, ग्रॅम’ अशी नवी उघडली आहे. जुने व्यवहार तोळ्यांत वाचता येतात, नवे ग्रॅममध्ये.

मूळ एकक फार मोठेही नसावे. रसौषधी किलोत ठेवल्यास एक गुंजा ०.०००१२५ किलो होते, आणि तीन दशांशस्थळे ठेवणारी प्रणाली तिचे शून्य करते. भस्मे व रसकल्प मिलिग्रॅममध्ये, काष्ठौषधी ग्रॅममध्ये ठेवाव्यात. गुणकही ‘१ ग्रॅम = ०.०८३ तोळा’ असा उलटा ठेवू नये. ०.०८३ ला बारांनी गुणले तर एक न येता ०.९९६ येते.

पाठ तपासण्यास परस्पर प्रमाण हवे, तसे साठा तपासण्यास रुपयांतील एकूण मूल्य फार उपयोगी पडले. तोळ्याचा भाव ६० रुपये असेल तर ग्रॅमचा ५ झाला पाहिजे. वजन बारापट करून भाव तसाच ठेवला तर त्या द्रव्याचे मूल्य एका रात्रीत बारापट होते. कामापूर्वीचे व नंतरचे मूल्य प्रत्येक द्रव्यासाठी शेजारी ठेवले आणि ज्या ओळीत एक रुपयाहून अधिक फरक आला ती ओळ हाताने तपासली. फेरखरेदीची किमान पातळी, वेष्टनावरील वजन आणि मात्रेचा मजकूर ही स्थाने मात्र या कसोटीत सापडत नाहीत. ती स्वतंत्र पाहावी लागली. आमच्या एका वेष्टनावर ‘२ ग्रॅम दिवसातून दोनदा’ असे छापून निघणार होते. मूळ मात्रा दोन गुंजांची होती.

सध्या पाठांचे काम पूर्ण झाले आहे. छापील पाठावर ग्रॅमशेजारी मूळ ग्रंथोक्त प्रमाणही येते, त्यामुळे तराजूपाशी उभ्या असलेल्या माणसास दोन्ही दिसतात. मावशींना इंग्रजी अंक वाचता येत नाहीत म्हणून आकडे देवनागरीत छापतो. साठ्यातील नऊ द्रव्यांचे जुने एकक काही केल्या ठरविता आलेले नाही. त्या बरण्यांवर तांबडी चिठ्ठी लावून त्या वेगळ्या कपाटात ठेवल्या आहेत आणि प्रणालीत त्यांचा साठा शून्य दाखविला आहे.